निर्यातशुल्क नेमके भरतो कोण? पनवेलच्या वेशीवरून कांदा, भात आणि भाजीपाल्याचा हिशेब

पनवेलच्या शेतकऱ्याला परदेशी बाजार बघायला लांब जावे लागत नाही. शेजारच्या उरण तालुक्यातले न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ पासून सुरू आहे. उलवे-पनवेल पट्ट्यात उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. या दोन्ही कामांसाठी जमीन इथल्याच गावांची गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकऱ्यांचा जीव गेला. नाशिकचा कांदा, सांगली-नाशिकची द्राक्षे, विदर्भाचा तांदूळ घेऊन निघालेले कंटेनर आता याच भागातून बंदराकडे जातात.

रस्ता दारातून जातो. पण दिल्लीहून एखादी अधिसूचना निघाली की तिचा आपल्या मालाच्या भावावर काय आणि किती परिणाम होणार, हे सांगणारा माणूस मात्र तालुक्यात सापडत नाही. कृषी सहायकाला कीड ओळखायचे प्रशिक्षण मिळते, निर्यातशुल्क ओळखायचे मिळत नाही. व्हॉट्सॲपवर मग दोनच गोष्टी फिरतात: ‘शेतकरी मेला’ किंवा ‘काही फरक पडणार नाही’. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण वेगवेगळ्या पिकांसाठी. हा फरक मोजण्याचे एक शास्त्र आहे आणि ते आपल्याच राज्यात शिकवले जाते.

विद्यापीठातली माणसे काय मोजतात

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी, १९३३ साली छापलेली. ग्राहकाच्या रुपयातला बागायतदाराच्या हाती किती येतो आणि वाटेत कोण किती घेतो, हाच तिचा विषय होता. प्रश्न नव्वद वर्षांत जुना झालेला नाही. १९५४ पासून या संस्थेत कृषी-आर्थिक संशोधन केंद्र चालते आणि केंद्रीय कृषी मंत्रालयासाठी अभ्यास करते. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने शंभरी ओलांडली आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभारली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अर्थशास्त्राचे विभाग आहेत.

व्यापाराचा अभ्यास करणारे हे लोक शेतमालाबाबत मुख्यतः तीन गोष्टी तपासतात. बंदरावरचा भाव वाढला किंवा पडला तर बाजार समितीतला भाव त्यातला किती वाटा उचलतो आणि किती दिवसांनी. सरकारने निर्यात रोखली नसती तर शेतकऱ्याला कोणता भाव मिळाला असता आणि प्रत्यक्षात कोणता मिळाला. आणि शुल्क किंवा बंदी आली तर तिचा भार परदेशी गिऱ्हाइकावर पडतो, मधल्या व्यापाऱ्यावर पडतो की शेतकऱ्यावर.

दुसऱ्या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला आकडा आर्थिक सहकार्य व विकास संघटना आणि दिल्लीची इक्रिअर संस्था यांनी मिळून २०१८ मध्ये दिला. २००० ते २०१६ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरीने उणे १४ टक्क्यांच्या आसपास होता. खत, वीज, पाणी यांचे अनुदान जमेस धरूनही उणे! एका हाताने जे दिले, त्यापेक्षा जास्त निर्यातीवरच्या बंधनांतून आणि दाबून ठेवलेल्या भावांतून दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले, असा त्याचा अर्थ. ही देशाची, सगळ्या पिकांची सरासरी आहे. पनवेलच्या एखाद्या गावाला ती जशीच्या तशी लावू नये.

आपल्या कामाचा खरा प्रश्न तिसरा आहे.

कांदा: चाळीस टक्के शुल्क, पण भावातून गेले निम्म्याहून जास्त

आधी घटनाक्रम. ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने मोठी ओढ दिली; १९०१ पासूनच्या नोंदीत तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. २८ ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी आली. ती ४ मे २०२४ रोजी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य झाले.

आता एक हिशेब करू. आकडे सोपे जावेत म्हणून गोल आणि कल्पित घेतले आहेत. पद्धत मात्र खरी आहे. समजा दुबईचा गिऱ्हाईक बंदरावर टनाला ४०० डॉलर देतो आणि डॉलर ८५ रुपयांचा आहे. म्हणजे टनाला ३४,००० रुपये, क्विंटलला ३,४००. यातून प्रतवारी, घट, बारदान, ट्रक, बंदरावरचा खर्च आणि निर्यातदाराचा नफा मिळून क्विंटलला ९०० रुपये जातात असे धरू. बाजार समितीत निर्यातदार २,५०० पर्यंत बोली लावू शकतो.

४० टक्के शुल्क लागले. शुल्क बंदरावरच्या किमतीवर लागते, म्हणजे ३,४०० वर. ते झाले १,३६० रुपये. गिऱ्हाईक चारशे डॉलरच्या वर एक डॉलर द्यायला तयार नसेल तर निर्यातदाराची बोली २,५०० वरून थेट १,१४० वर येते. ट्रकचे भाडे शुल्कामुळे कमी होत नाही, बारदानही स्वस्त होत नाही. आटतो तो फक्त शेतकऱ्याचा भाव. कागदावर ४० टक्के लिहिलेले शुल्क भावातून ५४ टक्के घेऊन जाते. शुल्क २० टक्के असेल तर ६८० रुपये वजा होऊन बोली १,८२० वर येते, म्हणजे २७ टक्क्यांची घट. शेत बंदरापासून जितके लांब आणि मधला खर्च जितका जास्त, तितका हा फटका टक्केवारीत मोठा होतो. येवल्यापेक्षा सोलापूरच्या शेतकऱ्याने हा हिशेब अधिक काळजीने करायला हवा.

हे सगळे ‘गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार नसेल तर’ या एका अटीवर उभे आहे आणि अर्थशास्त्रज्ञांची खरी मेहनत ती अट तपासण्यात जाते. कांद्याच्या बाबतीत आखाती देशांतल्या आणि मलेशियातल्या गिऱ्हाइकाला पर्याय आहे: पाकिस्तान, चीन, इजिप्त. चव आणि टिकाऊपणा वेगळा, पण कांदा तो कांदा. शेतकऱ्याला मात्र पर्याय नाही. एप्रिलमध्ये काढून चाळीत भरलेला उन्हाळी कांदा ऑगस्टमध्ये रोज थोडा वजनाला घटतो, थोडा सडतो, थोडा कोंब धरतो. तो परत जमिनीत पेरून ठेवता येत नाही. व्यापार-अर्थशास्त्राचा जुना नियम आहे: कराचा भार त्याच्यावर पडतो, ज्याला बाजूला सरकता येत नाही. कर भरण्याची पावती कुणाच्या नावाने फाटते, याला त्यात काही महत्त्व नाही.

गिऱ्हाईक सरकले याचा पुरावा सरकारी आकड्यांत दिसतो. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २५ लाख टन कांदा गेला. पुढच्या वर्षी, म्हणजे शुल्क आणि बंदीच्या वर्षी, १७.१७ लाख टन. २०२४-२५ मध्ये सुरुवातीचा महिनाभर सोडला तर बंदी नव्हती, सप्टेंबरनंतर शुल्कही निम्मे झाले होते. तरी १८ मार्च २०२५ पर्यंत फक्त ११.६५ लाख टन गेला. यामागे शुल्काखेरीज पिकाची परिस्थितीही होती, हे मान्य. पण एकदा दुसऱ्या देशाशी सौदा बांधलेला आयातदार बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही. हे नुकसान कुठल्याच वर्षाच्या बाजारभावात स्वच्छ दिसत नाही, म्हणून बातम्यांतही येत नाही.

दुसरी बाजू सांगायलाच हवी. पनवेल आज महानगरपालिकेचे शहर आहे आणि इथल्या बहुतेक घरांत कांदा विकत येतो. किरकोळ भाव पन्नास-साठच्या पुढे गेला की सरकारवर दबाव येणे स्वाभाविक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्कापाठोपाठ केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने दोन लाख टन कांदा खरेदीची घोषणाही केली. माझा आक्षेप भाव आवरण्याला नाही. ग्राहकाला दिलेल्या दिलाशाचे पैसे कुणाच्या खिशातून गेले, ही रक्कम निर्णयाच्या दिवशी कुणीच सांगत नाही. विद्यापीठांकडे ती काढण्याची हत्यारे आहेत. अभ्यास येतो दोन-तीन वर्षांनी, इंग्रजीत.

जाता जाता आपल्या जिल्ह्यातले उदाहरण. अलिबागचा पांढरा कांदा वेण्या बांधून, माळेवर विकला जातो. त्याला भौगोलिक मानांकन आहे, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे आहे आणि तो जहाजात बसत नाही. निर्यातशुल्काचा त्याच्याशी थेट संबंध नाही. पनवेल-पेण भागातल्या शेतकऱ्याने ‘कांदा पडला’ ही बातमी ऐकून माळेचा भाव पाडून देण्याचे कारण नाही.

भात: इथे गणित उलटे

तांदळावर निर्बंध सप्टेंबर २०२२ पासून सुरू झाले, आधी तुकडा तांदळावर बंदी आणि पांढऱ्या तांदळावर २० टक्के शुल्क. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली, ऑगस्टअखेर उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागले. बंदी २८ सप्टेंबर २०२४ ला उठली, ४९० डॉलरच्या किमान मूल्यासह. महिनाभरात तेही काढले गेले.

जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के. एवढा मोठा विकणारा दुकान बंद करतो तेव्हा गिऱ्हाइकाला पुरेसा पर्यायच उरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेचा तांदूळ भाव निर्देशांक पंधरा वर्षांच्या उच्चांकावर गेला. म्हणजे भार मोठ्या प्रमाणात बाहेरच्या देशांवर पडला: पश्चिम आफ्रिकेतल्या, फिलिपाइन्समधल्या गिऱ्हाइकांवर. थायलंड आणि व्हिएतनामच्या शेतकऱ्याला वाढीव भाव मिळाला, आपल्याकडच्या निर्यातक्षम भात उत्पादकाला तो मिळाला नाही. त्याचेही नुकसान झालेच, पण कांद्यासारखा खड्डा पडला नाही, कारण खाली हमीभावाची फळी होती. २०२३-२४ साठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता, २०२५-२६ साठी तो २,३६९ आहे.

पनवेल, उरण, पेणच्या भात शेतकऱ्याला या सगळ्याचे किती सोयरसुतक? स्पष्टच सांगायचे तर फारच थोडे. इथल्या लहान खातेदाराचे भात आधी घरच्या खावटीला जाते. उरलेले खरेदी केंद्रावर किंवा गावच्या गिरणीवाल्याला. तांदूळ निर्यात खुली झाली म्हणून त्याच्या हाती शंभर रुपये जास्त येण्यापेक्षा खरेदी केंद्र वेळेवर सुरू होणे, बारदान असणे आणि लावणीच्या मजुरीचा दर याने त्याचे वर्ष ठरते. आणि खारपट्ट्यात तर बांधाला खांडी पडली, भरतीचे पाणी आत शिरले, की दिल्लीची कोणतीही अधिसूचना उपयोगाची नाही. तिथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षार सहन करणाऱ्या जाती आणि उघाडीची दुरुस्ती हेच खरे धोरण. कृषी सहायकाने सभेत हे मोकळेपणाने सांगावे. प्रत्येक राष्ट्रीय बातमी आपल्या गावाला लागू करण्याची गरज नसते.

विमानतळ आणि भाजीपाला

नवी मुंबई विमानतळामुळे कोकणचा भाजीपाला थेट परदेशात जाईल, असे भाषणांत ऐकू येते. विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची मालवाहतूक क्षमता वर्षाला पाच लाख टन सांगितली आहे. अंतर कमी होईल, माल ताजा पोहोचेल, हे खरे. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात बहुतेक भारतीय शेतमालावरचे शुल्क काढण्याचे ठरले आहे, हेही खरे. तरीही भाजीच्या निर्यातीत अडसर शुल्काचा क्वचितच असतो. तो किडीचा आणि कागदाचा असतो.

युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूससह वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली होती. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. यादी पुन्हा वाचा: वांगी, कारली, पडवळ, अळू. ही तर आपल्या परसातलीच पिके. हापूसची बंदी २०१५ च्या हंगामाआधी उठली, भाज्यांना त्याहून जास्त थांबावे लागले. अमेरिकेचे दार हापूससाठी २००७ मध्ये उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या. कारण फळात दोष असल्याचे नव्हते, कागदपत्रांतली त्रुटी हे होते. माल परत आणण्याचा खर्च परवडत नाही, म्हणून तिथेच नष्ट करावा लागला.

अर्थशास्त्रज्ञ अशा अटींना बिगरशुल्क अडथळे म्हणतात. शुल्काचा दर निदान आधी कळतो आणि बोलीत धरता येतो. अडथळ्याचा खर्च आधी कळत नाही. खेप पास झाली तर तो शून्य, अडली तर शंभर टक्के. म्हणून निर्यातदार ती जोखीम सगळ्याच मालाच्या बोलीतून थोडी थोडी कापून घेतो. गावात सामूहिक रक्षक सापळे लागले, औषध फवारणीच्या नोंदी ठेवल्या आणि शेताची निर्यातीसाठी नोंदणी झाली तर ती कपात कमी करा, असे निर्यातदाराला तोंडावर सांगता येते. एकट्या शेतकऱ्याने सापळा लावून उपयोग नाही, शेजाऱ्याच्या वेलावरची फळमाशी सातबारा बघत नाही.

उत्पादन खर्चाचा आकडा आणि तालुक्याचे काम

हमीभावाच्या मागे जो उत्पादन खर्च असतो, तो महाराष्ट्रासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामार्फत चालणाऱ्या केंद्राच्या योजनेतून गोळा होतो. निवडलेल्या गावांतल्या निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मजुरी, बियाणे, खत, बैल-ट्रॅक्टरचे तास वर्षभर टिपले जातात. रोख खर्च, त्यात घरच्या माणसांची मजुरी, आणि शेवटी जमिनीचे भाडे व भांडवलावरचे व्याज धरलेला पूर्ण खर्च, अशा पायऱ्यांनी तो मांडतात. केंद्र हमीभाव ठरवताना मधली पायरी धरते; शेतकरी संघटना शेवटची मागतात. वादाचे मूळ इथे आहे. शिवाय प्रत्यक्ष नोंदी काही वर्षे मागच्या असल्याने चालू हंगामाचा खर्च अंदाजाने पुढे ओढून काढला जातो.

आपल्या गावासाठी एवढी वाट पाहायचे कारण नाही. पाच-सहा शेतकऱ्यांनी एकाच पिकाची खर्चवही ठेवली तर कृषी सहायकाकडे हंगामाअखेर तालुक्याचा स्वतःचा आकडा तयार असतो. त्याच्या शेजारी वर दाखवलेला उलटा हिशेब मांडावा: बंदरभाव, वजा मधला खर्च, वजा शुल्क. निर्यातदाराकडून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडून मधल्या खर्चाची फोड मागून घ्यावी, ते साधारणपणे सांगतात.

बातमी आली की आधी ती कुठल्या दारातून आली ते पाहावे. बंदी आणि किमान निर्यात मूल्य परदेशी व्यापार महासंचालनालय जाहीर करते, शुल्क अर्थ मंत्रालय लावते. किमान मूल्य हे दाराला लावलेल्या उंबरठ्यासारखे आहे: जागतिक भाव त्याच्या वर असेल तर त्याचा काही त्रास नाही, खाली असेल तर ती नाव बदललेली बंदीच. शुल्क मात्र भाव कितीही असो, आपला वाटा घेतेच. ऑक्टोबर २०२३ ची ८०० डॉलरची अट आणि त्याआधीचे ४० टक्के शुल्क या दोन्हींना वर्तमानपत्रांनी ‘निर्यात निर्बंध’ एवढेच म्हटले, पण चाळीत कांदा असलेल्या माणसाने दोघांना वेगवेगळे उत्तर द्यायला हवे होते.

विद्यापीठांकडे एक मागणी करता येईल आणि ती पैशाची नाही. कांदा, तांदूळ, द्राक्ष, आंबा, केळी या पिकांसाठी ‘परदेशी गिऱ्हाईक किती सरकू शकतो’ याचा अंदाज आजही वेगवेगळ्या शोधनिबंधांत पडून आहे. तो एकत्र करून, मराठीत, दर हंगामाच्या तोंडी दोन पानांत द्यावा. दापोलीच्या विभागाने सुरुवात आंबा आणि निर्यातीच्या भाज्यांपासून केली, तर पनवेल-कर्जत-खालापूरच्या कृषी सहायकांना येत्या उन्हाळ्यात कारल्याच्या प्लॉटवर उभे राहून निर्यातदाराची बोली तपासता येईल.